कॅप्टन दिघेंचा पाय

"रजनी, हात खाली घे."

हेडसेटमधून कॅप्टन दिघेंचा आवाज आला. शांत होता. मी हात खाली घेतले नाहीत. डोक्यावर दोन्ही हातांची फुली करून मी विमानाच्या नाकासमोर उभी होते. आमच्या कामात त्या फुलीचा अर्थ एकच, थांबा. जमिनीवरच्या माणसानं ती केली की वर बसलेला कितीही मोठा असो, त्यानं जागचं हलायचं नाही.

"काय अडचण आहे? चाकाखाली काही आहे का?"

"चाकाखाली काही नाही, साहेब. तुमचे पाय कुठे आहेत?"



"काय म्हणालीस?"

"पाय, साहेब. पेडलवर आहेत की जमिनीवर टेकलेले आहेत? जमिनीवर टेकवा अन् मला तसं सांगा, म्हणजे लगेच घेते हात खाली."

"रजनी, हात खाली घे." आता आवाज शांत नव्हता.

नागपूरचा मे महिना, भरदुपार. काँक्रीट असं तापलेलं की बुटातून चटका लागत होता. अंगात जाड डांगरी, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, अन् ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. आमच्याकडे उन्हात निघणारा प्रत्येक माणूस ठेवतो. विमानाच्या खिडक्यांना माणसांची नाकं चिकटली होती. कोण्या मोठ्या घरच्या नवरीचं वऱ्हाड मुंबईला लग्नाला निघालं होतं. बायका-पोरं सगळी मागच्या सीटांवर, अन् त्यांच्या पायाखालच्या सामानाच्या कप्प्यात रुखवताच्या पेट्या, पितळी भांडी, पाटे-वरवंटेसुद्धा असतील, काय सांगावं!

मी तेव्हा एका विमान कंपनीत टेक्निशियन होते. कंपनी पुढे बुडाली, आता तिचं नाव घेऊन काय करायचं? नागपूरला आमचं एकच विमान यायचं. सकाळी मुंबईहून यायचं, दुपारी परत जायचं. इमारतीकडे नाक करून उभं राहायचं, त्यामुळे निघताना त्याला मागे ढकलावं लागायचं. त्यासाठी आमचा एक ट्रॅक्टर होता अन् त्याच्यावर शामराव मेश्राम. शामरावकाका विमान असं मागे न्यायचे की आतल्या माणसाच्या पेल्यातलं पाणी हलायचं नाही. बोलायचे मात्र दिवसातून दोनदा. एकदा "चला", अन् एकदा "झालं".

त्या आठवड्यात ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला. आमचे स्टेशन मॅनेजर पेंढारकर साहेब नवा मागवतील, असं आम्हाला वाटलं. पण मागवायच्या ऐवजी त्यांनी कॅप्टन दिघेंना बोलावून घेतलं. दिघे म्हणजे कंपनीचे मुख्य पायलट. ते परदेशात काहीतरी पाहून आले होते.

विमान उतरलं की मोठ्यानं गर्जतं, तो आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो. तेव्हा इंजिनाच्या मागच्या तोंडावर दोन झडपा येऊन मिटतात, ओंजळ धरावी तशा. मागे जाणारा झोत त्यांच्यावर आपटतो अन् पुढे वळतो. पुढे पळणाऱ्या विमानाला आवरायला केलेली सोय आहे ती. दिघेंचं म्हणणं असं, की उभ्या विमानात त्याच झडपा मिटल्या तर विमान आपोआप मागे जाईल. ट्रॅक्टर कशाला हवा?

आणि ट्रॅक्टर नको तर शामराव कशाला हवेत, हे पेंढारकर साहेबांनी त्याच सकाळी सांगून टाकलं. "आज जमलं की पुढच्या महिन्यापासून सगळ्या छोट्या स्टेशनांवर हेच. शामराव, तुमचं बघू काहीतरी."

शामरावकाका बंद पडलेल्या ट्रॅक्टरचं सीट फडक्यानं पुसत राहिले. मला मात्र अशी चीड आली! पण तोवर माझं भांडण नव्हतं. नवी गोष्ट येते, जुनी जाते, हे मलाही समजत होतं. विमानं उभी करतात त्या ऍप्रनवर मी स्वतःच नवी गोष्ट होते. बाई पाना घेऊन विमानाखाली शिरते म्हणून लोक गॅलरीत उभे राहून पाहायचे.

भांडण सुरू झालं सकाळच्या चाचणीनंतर.

विमान रिकामं होतं. दिघेंनी इंजिनं सुरू केली, झडपा मिटल्या अन् काय धूळ उडाली बाप्पा! बारीक खडे येऊन तोंडावर आपटले. पण विमान खरंच मागे निघालं, कोणी न ढकलता. पेंढारकर साहेब टाळ्या वाजवायला लागले. मी अन् शामरावकाका नाकाच्या चाकाशी, त्याच्याबरोबर चालत होतो.

आता मागे जाणारं विमान थांबवायचं कसं, तर झडपा उघडायच्या अन् इंजिनाला पुढे जोर लावू द्यायचा. ते सावकाश थांबतं. ब्रेक मात्र लावायचा नाही म्हणजे नाही. आमच्या विमानाची दोन्ही इंजिनं शेपटाशी होती, मागचा भाग मुळातच जड. मागे जाता जाता चाकं अडवली की मागचं वजन खाली बसतं अन् नाक वर उठतं. बाजेच्या एका कोपऱ्यावर बसल्यावर दुसरा उचलतो ना, तसं. हे मला माहीत होतं अन् दिघेंनाही माहीत होतं. सकाळी सगळ्यांना गोळा करून त्यांनीच तर समजावलं होतं.

तरी शेवटी विमान थांबताना मी पाहिलं. नाकाचं चाक जमिनीवरून उठलं. वीतभर. क्षणभर हवेत राहिलं अन् धप्पकन खाली आलं.

मी शामरावकाकांकडे पाहिलं. ते चाकाकडे पाहत होते.

दिघे उतरले ते खुशीतच. मी जाऊन म्हटलं, "साहेब, तुम्ही ब्रेक लावला."

"छे."

"नाकाचं चाक उठलं होतं."

"ऍप्रनला उतार आहे तिथे. दणका बसला असेल."

"साहेब, चाक हवेत होतं. तुमचा पाय गेला ब्रेकवर."

"हे बघ," ते हसून म्हणाले, "ब्रेक लावायचा नाही हे इथे कोणी शिकवलं? मीच ना? मग मी लावीन का?"

खोटं बोलत नव्हता हो तो माणूस! तेच तर भीतीचं होतं. विमान मागे ढकलून झालं की आम्ही खालून म्हणतो, "ब्रेक लावा." अन् कॅप्टन लावतो. सगळी नोकरी त्यांनी हेच केलेलं. मागे जाणं संपलं की पाय जायचाच. त्यांना विचारून थोडाच जात होता तो?

"मग दुपारी पाय जमिनीवर टेकवून ठेवा," मी म्हटलं. "अन् तसं मला हेडसेटवर सांगा. एवढंच."

त्यांचं हसू गेलं. "माझे पाय मी कुठे ठेवायचे ते तू सांगणार?"

"रिकाम्या विमानाचं नाक वीतभर उठलं, साहेब. भरल्या विमानाचं किती उठेल? शेपूट जमिनीला टेकेल. मागे माणसं बसलेली असणार."

"पेंढारकर," ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "हिला समजवा जरा." अन् गेले चहा प्यायला.

पेंढारकर साहेबांनी समजावलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे तर दोनदा समजावलं.

म्हणून दुपारी मी फुली करून उभी राहिले.

शेवटी दिघेंनी इंजिनं बंद केली. शिडी लागली. ते खाली आले, पेंढारकर साहेब इमारतीतून पळत आले, अन् त्यांच्या मागोमाग शिडीवरून घामानं थबथबलेला नवरीचा मामा उतरला. फेटा काखेत.

"अहो, काय चालू आहे? आत पोट्टे रडून राहिले! उद्याचा मुहूर्त आहे आमचा!"

"मामा, वर जाऊन बसा," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच भांडून राहिले मी."

"भोयर!" पेंढारकर साहेब ओरडले. रागावले की ते आडनावावर यायचे. "कॅप्टन साहेबांची माफी माग आणि बाजूला हो. आत्ताच्या आत्ता."

"नाही होत."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. मी हात खाली केले अन् ते शेपूट टेकलं, तर लोक विचारतील हेडसेटवर कोण होतं. मी होते म्हणून सांगू? माझ्याच्यानं नाही होणार ते."

"दे तो हेडसेट इकडे! शामराव! घ्या तुम्ही. द्या सिग्नल. हिची काही गरज नाही."

मी हेडसेट काढून दिला. काय करणार! शामरावकाकांनी तो घेतला. शांतपणे गळ्यात अडकवला. टोपी सारखी केली. मग विमानाच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले, जिथे मी होते अगदी तिथेच, अन् डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली.

मला हसूही आलं अन् डोळ्यांत पाणीही.

"शामराव!" पेंढारकर साहेबांचा आवाज फाटला. "तुम्हाला काय झालं?"

"चाक उचललं होतं, साहेब," शामरावकाका म्हणाले. "म्या पाह्यलं."

"तुम्ही तर बोलूच नका. ट्रॅक्टर जाणार म्हणून पोटात दुखतंय तुमच्या!"

"हौ. दुखते ना. पन चाक उचललंच होतं."

दिघे इतका वेळ बाजूला उभे होते. गोरापान माणूस, उन्हानं लाल झालेला. ते माझ्यासमोर आले. "ठीक आहे," ते म्हणाले. "चल वर. कॉकपिटमध्ये बस आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ माझे पाय. हलले नाहीत तर उद्यापासून तू या ऍप्रनवर दिसायचं नाही. कबूल?"

"कबूल. अन् हलले तर?"

"हलणार नाहीत."

"हलले तर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. अन् हे मागे जाण्याचं सोंग बंद. इथलंही अन् बाकीच्या स्टेशनांवरचंही."

"कबूल," ते म्हणाले. इतके सहज म्हणाले. समजा नाहीच हलला तर? माणसानं एकदा मनावर घेतलं तर एक दिवस पाय आवरताही येतो. अन् आज आवरला की उद्यापासून मी नाही, शामरावकाका नाहीत, अन् त्या पायाकडे पाहायला कोणी नाही. हे वर चढताना शिडीवर सुचलं मला. पण शब्द देऊन बसले होते.

कॉकपिटमध्ये जागा ती केवढी! उजवीकडे असनारे नावाचा तरुण कोपायलट अंग चोरून बसलेला. मागच्या घडीच्या खुर्चीवरून पाय दिसेनात, म्हणून मी दिघेंच्या खुर्चीशी, मधल्या जागेत, सरळ उकिडवी बसले.

"कसला वास येतोय?" दिघे म्हणाले.

"कांद्याचा," मी म्हटलं. "खिशात आहे."

असनारे खोकला. दिघेंनी दोन्ही पाय मागे घेऊन जमिनीवर सपाट टेकवले. काळे बूट, चकचकीत पॉलिश केलेले. "बघ," ते म्हणाले. "नीट बघून घे."

मी पाहत राहिले. इंजिनं सुरू झाली. समोरच्या काचेतून खाली हेडसेट लावलेले शामरावकाका दिसत असतील, पण मी मान वर केली नाही. झडपा मिटल्याचा आवाज सबंध विमानातून आला. हादरे बसायला लागले. काचेवर धूळ सडसडली. विमान मागे निघालं.

बूट जागच्या जागी.

मागे, अजून मागे. मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं, कोणीतरी उखाणा घेत असावं. माझे गुडघे दुखायला लागले. बूट हलेनात. मला वाटलं, रजनी, संपलं तुझं. घरी काय सांगायचं ते ठरव आता.

मग कॉकपिटमधल्या स्पीकरवर शामरावकाकांचा आवाज आला. त्यांना हेडसेटवर काही बोलायची सवयच नव्हती. ते त्यांच्या नेहमीच्या सुरात म्हणाले, "झालं."

दिघेंच्या हातानं झडपांचे दांडे बरोबर पुढे केले. अगदी शिकवल्याप्रमाणे. अन् दोन्ही पाय उठले.

घाई नव्हती त्यांना. सावकाश उठले, घरातल्या घरात चपलेत पाय सरकवावा तसे, पेडलकडे निघाले. दिघे समोर पाहत होते. चेहऱ्यावर काही नाही.

"पाय!" मी ओरडले अन् उजवा घोटा दोन्ही हातांनी धरून खाली दाबला. तरी तो पाय वर ओढ घेतच होता, सांगते. डावा तसाच हवेत राहिला.

दिघेंनी खाली पाहिलं. आधी माझ्या हातांकडे, मग हवेतल्या त्या डाव्या पायाकडे. दुसऱ्या कोणाचा पाय आपल्या खुर्चीत आला आहे, असं पाहत होते ते. विमान पुढचा जोर घेऊन सावकाश थांबलं. साधा हिसकासुद्धा बसला नाही. मागे उखाणा संपला असावा, सगळे एकदम हसले.

"सोड," दिघे म्हणाले.

"आधी पाय खाली."

त्यांनी पाय खाली ठेवला. मी सोडला.

आता मला उतरवायचं तर पुन्हा इंजिनं बंद, पुन्हा शिडी. दिघेंनी मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, "पट्टा बांध." अन् अशी मी काळ्या डागांची डांगरी घालून, खिशात कांदा घेऊन, मुंबईला निघाले. हवेत असताना असनारेनं एकदा पाण्याचा पेला मागे केला.

मुंबईला चाकं टेकली अन् त्याच झडपा पुन्हा मिटल्या. काय गर्जना! पुढे धावणारं एवढं धूड त्यांनी धरून आवरलं. आता हे त्यांचं खरं काम. दिघे तिथे ब्रेक लावत होते ते मी पाहिलं. सुंदर लावत होते. मुद्दाम सांगते, कारण माणूस नाणावलेला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

वऱ्हाड उतरलं. मामा दारातून आत डोकावून "थँक्यू बरं का" म्हणून गेले, कोणाला ते कळलं नाही. असनारेही घाईघाईनं बॅग उचलून गेला. आम्ही दोघंच राहिलो.

"पाय हलला नव्हता," दिघे म्हणाले. माझ्याकडे पाठ होती त्यांची.



"उठला असता तरी पेडलपर्यंत गेला नसता. मी थांबवला असता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या हातांत अजून त्या घोट्याची ओढ होती, अन् हा माणूस पाठ करून सांगतो हलला नाही! ओरडावं, असनारेला परत बोलवावं, असं सगळं मनात आलं. पण असनारे काय बोलणार होता? नवीन पोरगं ते. त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तरी गेलंच असतं.

"बरं," मी म्हटलं. "हलला नाही."

आता ते वळले.

"हलला नाही तर उद्या परत करू. मी परत बसते खाली. परवाही बसते. नोकरीवरून काढा, तिकीट काढून येईन अन् त्या दारातून ओरडेन. जोवर तुम्ही माणसं भरून विमान मागे नेणार, तोवर मी तुमच्या पायाशी बसणार, साहेब. कांदा घेऊन."

ते उठले, कोट घेतला, दारात थांबले. "तो गिअरबॉक्स कुठला लागतो त्या ट्रॅक्टरला?"

मी सांगितलं.

"स्टोअरला सांगतो," ते म्हणाले, अन् गेले. माफी नाही, शाबासकी नाही, काही नाही. पाय हलला हे त्या माणसानं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. मागे जाण्याचं मात्र कोणी पुन्हा नाव काढलं नाही, आमच्याकडेही नाही अन् दुसऱ्या स्टेशनांवरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं मी परतले. गिअरबॉक्सची पेटी खालच्या कप्प्यात, मी वर. पेंढारकर साहेब शिडीशीच उभे होते, न सांगता शहर सोडून गेल्याबद्दल मेमो घेऊन. मी तो घडी करून खिशात ठेवला, कांद्याच्या शेजारी. "आणखी काही आहे का, साहेब?" म्हणून विचारलं. काही नव्हतं. शामरावकाका पेटीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. "चला," म्हणाले.

त्याच आठवड्यात दिघे पुन्हा आले. दुपारी निघताना काकांनी ट्रॅक्टर लावला. विमान मागे गेलं, लोण्यासारखं. काकांनी हात वर केला. मी हेडसेटवर म्हटलं, "ब्रेक लावा, साहेब."

"लावले," दिघे म्हणाले. अन् मग, "बघायला येतेस का वर?"

मी वर पाहिलं. काचेमागे ते हसत नव्हते. मीही नाही. ढकलताना नाकाच्या चाकात लावतात ती पिन काढली, तिची लाल फीत त्यांना दिसेल अशी हात उंच करून दाखवली. म्हणजे खालचं माझं काम संपलं, आता विमान तुमचं.

"गरज नाही, साहेब," मी म्हटलं. "आता लावा किती लावायचे ते."